भित्रा वकील

हुपरीकर वकील गेल्याचं मला उशिरा कळलं. बाररूमच्या बाहेरच्या फळ्यावर शोकसभेची सूचना खडूनं लिहिलेली होती, ती कुणाच्या तरी खांद्यानं अर्धी पुसली गेली होती. फळ्यापुढं दोन तरुण वकील उभे होते. एकानं विचारलं, "हुपरीकर म्हणजे कोण रे?" दुसरा म्हणाला, "अरे तो भित्रा नव्हं का! केस पुकारायची वेळ झाली की आधी नळावर पळायचा तो."

दोघं हसले. मला राग आला. मला राग लवकर येतो. पत्रकं लिहून लिहून हात तयार झालाय, त्यामुळं राग आला की पहिलं मथळाच सुचतो. पण त्या दिवशी काही सुचलं नाही, कारण ती पोरं खोटं बोलत नव्हती. हुपरीकर भित्रेच होते. मी मोर्चात पळालेली माणसं बघितली आहेत, लाठी उगारल्यावर चप्पल सोडून गेलेली बघितली आहेत, पण इतका सरळसरळ, रोजचा, उघड भिणारा माणूस दुसरा बघितला नाही. आणि माझ्या थोरल्या बहिणीची नोकरी एकदा या माणसाच्या हातात होती. ते त्या पोरांना सांगायचं राहिलं, म्हणून इथं सांगतो.

आधी गुन्हा सांगतो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत वितळलेलं लोखंड सांडून एका कामगाराचा पाय भाजला. मालकानं त्याला रिक्षात घालून घरी धाडला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर दुसरा माणूस उभा केला. पाय भाजलेल्याची चौकशी नाही, भरपाई नाही, काही नाही. आमच्या संघटनेनं पत्रक काढलं. मजकूर माझा. पाळी सुटायच्या वेळी आम्ही फाटकावर ते वाटायला गेलो. त्या दिवसांत जिल्ह्यात जमावबंदीचा हुकूम होता, म्हणजे पाच माणसांनी एकत्र जमायचं नाही आणि घोषणा द्यायच्या नाहीत. आमच्या जिल्ह्यात कुठल्या ना कुठल्या कारणानं तो हुकूम असतोच. आम्ही घोषणा दिल्या. पोलिसांची गाडी आली. संघटनेचे चौघं आत गेलो, आणि आमच्याबरोबर ताई गेली.

ताईचा संघटनेशी काडीचा संबंध नव्हता. गडमुडशिंगीत आमच्या घरी आई तापानं पडली होती आणि ताई मला घरी न्यायला फाटकावर आली होती. बाई ओरडताना दिसली, पोलिसांनी गाडीत घातली. एवढंच. संध्याकाळी जामिनावर सगळे सुटलो, पण जमावबंदी मोडून घोषणा दिल्याचा गुन्हा पाचही जणांवर नोंदला गेला.

आता ताईचं. तिनं नर्सिंग केलं होतं. चंदगडच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून तिची निवड झाली होती. फक्त पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी व्हायची राहिली होती, आणि ती व्हायच्या आतच तिच्या नावावर गुन्हा लागला. कचेरीतल्या बाबूनं सांगितलं, "निर्दोष सुटल्याचा कोर्टाचा कागद आणा, मग बघू. पण लवकर आणा. जागा काय तुमच्यासाठी जन्मभर रिकामी राहत नसते."

बौद्ध वस्तीत वाढलेल्या पोरीला सरकारी दवाखान्यात पांढऱ्या कपड्यात उभं राहायला मिळणं म्हणजे काय, ते मी पत्रकात लिहू शकलो असतो. आईला ते लिहिता येत नव्हतं. ती नुसती मोटारसायकलचा आवाज आला की बोलायची थांबायची. समन्स घेऊन हवालदार एकदा मोटारसायकलवरून आला होता, तेवढ्यावरून. आवाज पुढं निघून गेला की मग ती भाकरी उलथायची. तोवर भाकरी करपलेली असायची.

संघटनेत अशा गुन्ह्यांची एक रीत होती. आमचे म्होरके, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, ते सांगायचे, "कबूल करून टाकायचं. दंड भरायचा, कोर्ट उठेपर्यंत कैद म्हणतात ती भोगायची. म्हणजे काय, तर साहेब खुर्चीवरनं उठेपर्यंत मागच्या बाकड्यावर बसायचं. पाचला घरी. माझ्या अशा कितीतरी झाल्यात मर्दा!" आमच्यात ते पदक होतं. एखाद्याला नुसता दंड झाला, बसायला लागलं नाही, तर त्याला थोडं कमी वाटायचं. कोर्टाच्या फाटकावरच्या दोन वकिलांनीही हेच सांगितलं. "किरकोळ आहे हो. कबूल करा आणि मोकळे व्हा." मोकळे! कबूल केलं की ताई कायमची गुन्हेगार, चंदगड संपलं, हे त्यांतल्या एकालाही सुचलं नाही.

चिंचेखाली टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या एका बाईंनी आमचं बोलणं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "खरंच सुटायचं असलं तर हुपरीकरांकडं जावा. पण ते घाबरवत्यात हं."

हुपरीकरांचं ऑफिस बिंदू चौकात होतं, लाकडी जिना चढून वर. खिडकीतून सबजेलची भिंत दिसायची. दुसऱ्या कुणी ती खिडकी बंद ठेवली असती किंवा पडदा तरी लावला असता. यांनी खिडकी सताड उघडी ठेवून स्वतःची खुर्ची तिच्याकडं पाठ करून मांडली होती. म्हणजे भिंत त्यांना दिसायची नाही, पण समोर बसलेल्या पक्षकाराला त्यांच्या डोक्यामागं सारखी तीच दिसायची.

आम्ही गेलो तेव्हा ते उभे होते. बुटका, गोल माणूस. उकाड्यातही कोटाची सगळी बटणं लावलेली, गालात लवंग. ताईनं नमस्कार केला. मी केला नाही. वकील, डॉक्टर आणि मालक यांना आधी नमस्कार करायचा नाही असा त्या काळात माझा नियम होता.

"बसा. घाबरलाय का?" त्यांनी ताईला विचारलं.

"व्हय," ताई म्हणाली.

"बरं झालं. आणि तुम्ही?"

"मी कुणाच्या बापाला भीत नाही," मी म्हणालो.

"मग तुम्ही जरा बाहेर बसा."

मी बाहेर गेलो नाही, पण कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प बसलो. त्यांनी ताईचं नाव विचारलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं. आमचं आडनाव ऐकून समोरच्याचे डोळे कसे बदलतात ते बघायची मला लहानपणापासून सवय. मी टक लावून बघत होतो. हुपरीकरांचे डोळे बदलले नाहीत, कारण ते आधीपासूनच घाबरलेले होते.

ताई म्हणाली, "केस किरकोळ हाय म्हणत्यात सगळे."

"कुणाला किरकोळ? त्यांना. त्यांची नोकरी थोडीच जाणार आहे?"

"मग काळजी करू का?"

"करा की. मी पण करतो. दोघांनी मिळून केली की काही सुटत नाही हातातनं."

इथं मला राहवलं नाही. मी उठून म्हणालो, "वकीलसाहेब, हा खटला मुळात कामगारांच्या हक्काचा आहे. कोर्टात आपण जमावबंदीच्या हुकमालाच आव्हान..."

"ओ पत्रकवाले," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट जरा कापरा होता. "तुम्ही हक्काचं बोलताय, मी या बाईंच्या नोकरीच्या ऑर्डरचं बोलतोय. दोन्ही एका दमात बोललं की साहेबांना काहीच ऐकू जात नाही. आणि दुसरं सांगतो. मी एकाचंच वकीलपत्र घेणार. बाईंचं. बहीणभाऊ एका वकिलाकडं आले की मला झोप लागत नाही. एकाला वर काढताना दुसऱ्याच्या डोक्यावर पाय द्यावा लागतो. तुम्ही दुसरा वकील बघा."

"मला वकील नको. मी माझं बोलीन."

"बोला. पण बहिणीचं झाल्यावर. तोवर तोंड शिवून घ्या."

वकीलपत्र कुणी वाचत नाही. वकील बोट ठेवतो तिथं पक्षकार सही करतो. हुपरीकरांनी ताईला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायला लावलं. एका शब्दाला ती अडखळली तर परत वाचायला लावलं. "सही करताना हात कापला पाहिजे," ते म्हणाले, "म्हणजे सही कशावर केली ते लक्षात राहतं." ताईचा हात कापला. नंतर त्यांनी स्वतःची सही केली. त्यांचाही कापला.

कबुली-नाकबुली विचारायच्या तारखेला सगळे आरोपी कोर्टात हजर. दादा पांढराशुभ्र सदरा घालून आले होते. बाहेर व्हरांड्यात त्यांनी हुपरीकरांना गाठलं. "काय ओ वकीलसाहेब, आमच्या पोरांना फोडताय व्हय? आम्ही सगळे मिळून कबूल करणार. एकजुटीनं. एकटी ताई नको म्हणाली तर उद्या पेपरात काय येईल?"

हुपरीकर भिंतीला चिकटून उभे राहिले. दादांपुढं भलेभले गप्प बसायचे. हुपरीकरांच्या कपाळावर घाम आला. रुमालानं तो टिपत ते म्हणाले, "काय येईल ते मला माहीत नाही. मला पेपरची पण भीती वाटते. पण माझ्या पक्षकार गुन्हा कबूल करणार नाहीत."

"भितोय माणूस," दादा आमच्याकडं वळून म्हणाले, "आणि वर नाही म्हणतोय!"

नेमकं तेच होतं. ते भीत होते आणि नाही म्हणत होते. दादांसकट तिघांनी छाती काढून गुन्हा कबूल केला, मागच्या बाकावर जाऊन बसले आणि एकमेकांना कोपरानं ढोसत हसायला लागले. माझं नाव पुकारलं तेव्हा माझी जीभ शिवशिवत होती. ताईकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, हुपरीकरांच्या पाठीकडं बघत होती. मी म्हणालो, "कबूल नाही." दादांनी मान फिरवली. त्यानंतर बरेच दिवस संघटनेत मला कुणी चहा विचारला नाही.

हुपरीकरांची एक खोड होती. तारखेच्या दिवशी कोर्ट उघडलं की ते रिकाम्या खोलीत जायचे आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहायचे. शिपाई झाडू मारत असायचा, त्याला सवय झाली होती. मी एकदा दारातून बघितलं तर हुपरीकर कठड्याला दोन्ही हातांनी धरून समोर रिकाम्या खुर्चीकडं बघत होते.

"काय बघताय साहेब?" मी विचारलं.

"इथनं साहेबांचं फक्त कपाळ दिसतं," ते म्हणाले. "तोंड दिसत नाही. मग साहेब हसले का रागावले, आरोपीला कसं कळणार? वकील पुढं उभा असतो, त्याला सगळं दिसतं, म्हणून तो विसरतो." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही पण उभं राहून बघा एकदा. पत्रकात लिहायला नव्हे. नुसतं बघा."

मी उभा राहिलो नाही. मला ते नाटकी वाटलं. आज सांगतो, नाटकी नव्हतं.

तारखा पडत होत्या. कधी साहेब रजेवर, कधी हवालदार बंदोबस्ताला. प्रत्येक तारखेला ताई गडमुडशिंगीहून सकाळी निघायची, दुपारी नवी तारीख घेऊन परत यायची. या देशात किरकोळ गुन्ह्याला शिक्षा नंतर होते, आधी तारखा होतात. आणि ज्याच्याकडं गमवायला नोकरी असते त्याला त्या जास्त लागतात. हे मी त्या वर्षी पत्रकात लिहिलं, आणि ते छापण्याआधी हुपरीकरांना दाखवलं, ही माझ्या आयुष्यातली पहिली वेळ. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. निकाल लागेपर्यंत छापू नका."

एका तारखेला ताईचा धीर सुटला. कचेरीतून निरोप आला होता की महिनाअखेर कागद आला नाही तर पुढच्या उमेदवाराला बोलावणार. ती जिन्यावरच खाली बसली. म्हणाली, "साहेब, एकदा तरी म्हणा की, काळजी करू नको म्हणून. खोटं म्हणा. मला आज तेवढंच पायजे."

हुपरीकर तिच्या खालच्या पायरीवर बसले. कोट घातलेला माणूस जिन्यावर बसलेला आवडत नाही लोकांना. येणारे-जाणारे वळून बघत होते. त्यांनी गालातली लवंग थुंकली आणि सांगितलं:

"मी नवा होतो तेव्हा म्हणायचो. सगळ्यांना म्हणायचो. एका हॉटेलातला आचारी होता, मारामारीची केस, अशीच किरकोळ. मी म्हणालो, काळजी करू नका, काही होत नाही, तुम्ही गावाकडं जा. त्याच्या बहिणीचं लग्न होतं. तो निवांत गेला. इकडं तारीख आधी घेतली गेली, त्याला कुणी कळवलं नाही, मीही नाही. वॉरंट निघालं. पोलिसांनी त्याला मांडवातनं उचलला. हळद लागलेली बहीण गाडीमागं पळत आली म्हणे. मी जेलात भेटायला गेलो. शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं जाळीतनं एवढंच विचारलं, साहेब, आता करू का काळजी?"

ताई पायरीवर सरळ होऊन बसली.

"त्याची बहीण?" ताईनं विचारलं.

"मोडलं लग्न." हुपरीकर उठले, पँटवरची धूळ झटकली. "तेव्हापासनं मला आत जाताना पोटात कळ येते. औषधं घेऊन झाली, जात नाही. आता मी तिला घालवतही नाही. चला. पुढच्या तारखेला साक्षी आहेत."

साक्षी दोनच होत्या, हवालदार आणि पंच. पंच म्हणजे पोलिसांनी कारवाई करताना साक्षीला उभा केलेला माणूस. आमच्या केसमध्ये तो होता फाउंड्रीच्या फाटकासमोर चहाची गाडी लावणारा. पोलिसांनी मनात आणलं तर त्याची गाडी त्या दिवशीच उठली असती. तो काय बोलणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

साक्षीच्या दिवशी सकाळी हुपरीकरांनी मला नळापाशी बोलावलं. तोंड धुतलेलं, ओला रुमाल हातात.

"एक गोष्ट सांगायची आहे. तुमचा वकील मी नाही. पण न सांगता करणं मला जमणार नाही. हवालदार बाईंविरुद्ध ठाम बोलला तर मला पंचाला एक प्रश्न विचारावा लागेल. तो खरं बोलला तर तुमची बहीण सुटेल, पण तुम्ही पुरते अडकाल. तो खोटं बोलला तर दोघंही जाल. साक्षीदार काय बोलेल हे माहीत नसताना प्रश्न विचारायचा नाही, हे मी जन्मभर पाळलंय. आज मोडावं लागेल असं दिसतं."

"विचारा," मी म्हणालो.

"नीट विचार करून सांगा."

"विचारा म्हणतोय न्हवं!" मी ओरडलोच. भीती वाटली की मी ओरडतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांनी मान हलवली आणि परत तोंडावर पाणी मारलं.

हवालदार ठाम बोलला. पाठ केल्यासारखा. आरोपी क्रमांक पाच, सदर महिला, मोठमोठ्यानं घोषणा देत होत्या. हुपरीकरांनी विचारलं, कुठल्या घोषणा? हवालदार म्हणाला, "जिंदाबाद-मुर्दाबाद, नेहमीच्याच." हुपरीकरांनी फिरवून फिरवून विचारलं, तो हलला नाही. सरकारी वकील खुर्चीत मागं रेलले. ताईनं कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

मग पंच आला. टोपी हातात चुरगाळत. सरकारी वकिलांनी जे विचारलं त्याला तो "व्हय, व्हय" म्हणाला. आरडाओरडा ऐकला? व्हय. पोलीस आले? व्हय. ही बाई ओरडत होती? व्हय.

हुपरीकर उठले. बटणं चाचपली. आवाज इतका बारीक की साहेबांनी पंखा बंद करायला सांगितला.

"पावणं, चहाची गाडी तुमचीच का?"

"व्हय की."

"भीती वाटते का हो तुम्हाला, इथं उभं राहून?"

सरकारी वकील उठले. "साहेब, हा काय प्रश्न झाला?"

पण पंचानं उत्तर देऊन टाकलं होतं. "वाटतीया की. लई वाटतीया."

"मलाही वाटते," हुपरीकर म्हणाले.

साहेब म्हणाले, "वकीलसाहेब, मुद्द्याचं विचारा."

हुपरीकर थांबले. मी त्यांच्या मागं पिंजऱ्यात होतो. मला त्यांची मान दिसत होती, मानेवरून कॉलरमध्ये उतरणारा घाम दिसत होता. साहेबांचं खरंच फक्त कपाळ दिसत होतं. बाहेर कुणाचं तरी नाव शिपाई पुकारत होता. हुपरीकर इतका वेळ थांबले की साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"पावणं, ही बाई ओरडत होती म्हणालात. काय ओरडत होती?"

पंचानं हवालदाराकडं बघितलं. हवालदारानं छताकडं. पंचानं मग हुपरीकरांकडं बघितलं आणि तिथंच बघत राहिला.

"सांगू का साहेब? शिव्या हायत."

साहेब म्हणाले, "सांगा. कोर्टात चालतं."

"म्हनत हुती, 'ए मुडद्या, काडी लाव तुझ्या पत्रकाला! तिकडं आई तापानं फणफणलीया आनि तू हितं गठ्ठं वाटत बसलायस व्हय रं? चल घरला, न्हाईतर हितंच बडवते!'"

कोर्ट हसलं. साहेबांनी तोंडापुढं हात धरला. ताई लाजून खाली बघायला लागली. पंचाला आता धीर आला होता, तो थांबेना. "आनि त्यो म्हनत हुता, 'ताई, एवढा गठ्ठा संपवून आलोच.' दोनदा म्हनला. हिनं त्याची कॉलर धरल्याली, तवर गाडीच आली की ओ."

"तो म्हणजे कोण?" साहेबांनी विचारलं.

पंचानं टोपीनं माझ्याकडं दाखवलं. "ह्यो काय, तिच्या शेजारी. मजकूर बी ह्योच वाचून दाखवत हुता. चांगला हुता मजकूर."

हुपरीकर म्हणाले, "बस्स," आणि खाली बसले.

मग साहेबांनी आम्हाला एकेकाला विचारलं, काही सांगायचं आहे का. माझ्या खिशात भाषण होतं. कित्येक आठवडे घासून लिहिलेलं, जमावबंदीपासून फाउंड्रीच्या भट्टीपर्यंत सगळं त्यात होतं. माझी पाळी आली तेव्हा हुपरीकरांनी डोळे मिटून घेतले. मी बघितलं ते. माझ्याकडं पाठ नव्हती त्यांची, वळून बसले होते, आणि डोळे घट्ट मिटलेले.

मी म्हणालो, "पत्रकं माझी. घोषणा आम्ही दिल्या. ती मला घरी न्यायला आली होती." आणि थांबलो.

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल लागला. ताई निर्दोष. मला दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. दादांची आवडती शिक्षा.

मला मागच्या बाकावर नेऊन बसवलं. शेजारी शिपाई. ताई माझ्याजवळ आली, काही बोलली नाही, माझ्या डोक्यावर एक टप्पल मारली आणि हुपरीकरांमागून बाहेर गेली. निकालाच्या नकलेसाठी आजच अर्ज द्यायचा म्हणून ते तिला घाई करत होते. "साहेबांची सही झालेली मी बघितली," ती म्हणाली. "मी पण बघितली," ते म्हणाले, "पण नक्कल हातात येईपर्यंत काही खरं नाही."

पुढचे खटले चालू झाले. कुणाची तरी म्हैस कुणाच्या तरी उसात गेली होती. मी खिडकीपाशी होतो. खाली आवारात स्कूटरी लावलेल्या होत्या. थोड्या वेळानं ते दोघं तिथं आले. ताई हातवारे करून काहीतरी सांगत होती, बहुतेक पंचाची नक्कल करत होती, टोपी चुरगाळल्यासारखी. आणि हुपरीकर हसले. आवाज वर येत नव्हता, पण पोट हलत होतं. कोटाची बटणं सोडलेली होती. त्यांना हसताना मी तेवढं एकदाच बघितलं. आणि मुळात त्यांना बघितलं तेही तेच शेवटचं. महिनाअखेरीच्या आत ताई चंदगडला रुजू झाली, मला संघटनेनं दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं, आणि मी परत आलो तोवर फळ्यावर ती सूचना लागलेली होती.

त्यांनी स्कूटरला किक मारली. चालू होईना. परत मारली. ताईनं पदर खोचला आणि मागून ढकलायला लागली. हुपरीकर नको नको म्हणत हँडल धरून बसले होते, गाडी घसरत चालली होती, आणि फाटकाजवळ ती एकदम फुरफुरली. ते जात होते. मी त्यांचे आभार मानले नव्हते, साधा नमस्कारही कधी केला नव्हता. मी उठलो, खिडकीच्या गजाला हात घातला आणि हाक मारायला तोंड उघडलं.

शिपायानं माझा दंड धरून मला खाली खेचलं.

"बसा ओ पावणं," तो म्हणाला. "कोर्ट अजून उठल्यालं न्हाय."